वंदनेच्या पुस्तिकेतले ठिपके

शेणवा, ता. शहापूर
रविवार, ९ जानेवारी २००५

चि. पल्लवी,

अडीच वर्षांनी हे अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, हे धरूनच लिहितो आहे. निदान पहिली ओळ वाच. अनिकेतने मुंबईच्या हॉस्पिटलात ज्या औषधासाठी नाव दिलं आहे, ते त्याने घेऊ नये. निदान आत्ता घेऊ नये.

कारण विचारशील. कारण मला अजून नीट मांडता येत नाही. थांबा, एवढंच म्हणतो.

बाकी इकडे ठीक. डिसेंबरात शहापूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आमच्या मुरबाडच्या संस्थेत औषधं तपासायला ठेवलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यांत अंथरायला भाताचा तूस लागतो, त्याची पोती उचलून उचलून ते झालं, असं डॉक्टर म्हणाले. हे तुला आईकडून कळलंच असेल. तुम्ही दोघी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर बोलता, ते मला माहीत आहे, आणि मी माहीत नसल्यासारखा राहतो.

दहा दिवस रजेवर होतो. बारा वर्षांत एवढी रजा पहिल्यांदाच. तू लहान होतीस तेव्हा विचारायचीस, "बाबा, तुमी उंदरांचे मास्तर का?" तर मास्तर दहा दिवस नव्हते, आणि परत मुरबाडला गेलो तर वर्गात आठांतले दोनच उरले होते. सहा मेले. साहेबांनी ठरवलं की थंडीने मेले आणि पिंजरे धुणाऱ्या हिरीने पाण्याच्या बाटल्या भरल्या नाहीत. हिरीला सोमवारी काढून टाकलं.

ती फाटकाशी मला म्हणाली, "भाऊ, बाटल्या मी भरल्या व्हत्या. पन उंदरांनी पानी प्यायलंच नाय. नुसते कुबड काढून बसले व्हते, म्हातारी मानसं शेकोटीला बसतात ना, तसे. तुमी असतात तर असं झालं नसतं."

ती सहज बोलून गेली. मला ते सहज वाटलं नाही.

अनिकेतला थांबव. गुडघ्याला बर्फ लावतोस ना, असं मी विचारलंय म्हणून सांग.

बाबा


रविवार, २३ जानेवारी २००५

चि. पल्लवी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी होत्या, पण मी त्या दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. "लग्नाच्या वेळी थांबा म्हणालात. आता औषधाच्या वेळी थांबा म्हणता. तुम्हाला तो कधी हवा होता?"

तुझं बरोबर आहे. विहाराच्या बाहेर, त्याच्या आईच्या समोर, मी म्हणालो होतो की ज्याचं रक्त थांबत नाही त्याच्या हातात मी पोर देणार नाही. बोलल्यावर खाली बघितलं तर त्याची आई स्वतःच्या चपला शोधत होती. त्या तिच्या पायांतच होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण आता अडवतो आहे ते त्या रागाने नव्हे. औषध काय आहे ते मला जसं कळलं तसं सांगतो. तू सायन्सला होतीस, चुकलं तर सुधारून घे.

आमच्या विभागाच्या मॅडमनी एकदा मला बसवून समजावलं होतं. जनुक म्हणजे शरीराने काय बनवायचं त्याची लांबलचक चिठ्ठी. अनिकेतच्या चिठ्ठीत रक्त गोठवणारी एक वस्तू बनवायची ओळ बिघडलेली आहे. म्हणून बाहेरून चांगली चिठ्ठी पेशीत घालायची. पण चिठ्ठीवर ऋण भार असतो आणि पेशीच्या अंगावरही ऋण भार, त्यामुळे दोघी एकमेकींना ढकलतात. मग मॅडमनी धन भाराचा एक स्निग्ध पदार्थ तयार केला. चिठ्ठी त्याच्यात गुंडाळली जाते आणि तो तिला पेशीला चिकटवून आत नेतो. बाटलीत पाहिलं तर तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं पाणी. मला ते फार आवडलं होतं. ज्याला कोणी आत घेत नाही त्याला आत नेणारी वस्तू, असं वाटायचं.

मॅडमनी त्या वेळी आणखी एक वाक्य म्हटलं होतं, ते मी तेव्हा कानाआड केलं. त्या म्हणाल्या, "जयराम, चिठ्ठीची काळजी नाही. काळजी पाकिटाची आहे. ते फार चिकट आहे." ते पेशीपर्यंत पोचायच्या आधी रक्तात वाटेत भेटेल त्याला चिकटतं. त्याचे गोळे होतात, फुप्फुसात अडकतात, यकृतात साचतात. मात्रा किती द्यायची हे म्हणून आधी उंदरांवर बघायचं.

ते बघणारा माणूस मी होतो.

आज इथेच थांबतो. पुढचं लिहायला बसलो की वंदनेची वेळ होते, किंवा मी ती करून घेतो.

बाबा


रविवार, ६ फेब्रुवारी २००५

पल्लवी,

आज सगळं लिहितो. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून मी लिहितो की नाही ते बघते आहे. काल तिला सांगितलं. ऐकून तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "उंदरांना पेज पाजलात. नि जावयाला काय पाजलात?"

१९९९ साली पावसाळ्यात त्या औषधाचं मोठं काम आमच्याकडे झालं. लहान मात्रा, मधली मात्रा, मोठी मात्रा, असे गट. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर पिवळी खूण, म्हणजे कोण कुठला ते ओळखू येतं. दुपारी बाराच्या सुमाराला शेपटीच्या शिरेत सुई द्यायची. शेपटी बल्बखाली जरा शेकली की शीर फुगते. उंदीर मी धरायचो, सुई मॅडम द्यायच्या. पाच वाजता सगळे घरी जायचे. दुसऱ्या दिवशी दहाला मॅडम येऊन नोंदवहीत लिहायच्या, जिवंत किती, मेले किती.

पाचनंतर मी एकटा. माझी एसटी साडेसातला.

तू जाणतेस, मी रोज पहाटे पंचशील म्हणूनच घराबाहेर पडतो. त्यातलं पहिलं शील जिवाला इजा न करण्याचं. ते म्हणायचं आणि आठ वाजता त्या खोलीचं दार उघडायचं. पहिली दोन वर्षं मला जेवण जायचं नाही. मग मी मनाशी तोड काढली, की मी मारत नाही, मी सांभाळतो.

मोठ्या मात्रेच्या पहिल्याच दिवशी, सहा वाजता, एका उंदराने कुबड काढलेलं दिसलं. केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. कानाला बोट लावलं तर गार. उंदराचा कान कधी गार नसतो. मी त्याला माझ्या पंच्यात घेतलं, बल्बखाली धरलं. डब्यात सकाळची पेज उरली होती, तीत गूळ आणि मिठाचा खडा चुरून ड्रॉपरने थेंब थेंब पाजली. सव्वासातला त्याने मिशा हलवल्या. मला काय वाटलं ते तुला सांगू शकत नाही. तू तापातून उठली होतीस, तेव्हाच्यासारखं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. पेज मी मुद्दाम जास्त नेऊ लागलो. आईला वाटायचं माझी भूक वाढली. मॅडमना सांगितलं नाही. लपवावं म्हणून नव्हे. दावणीच्या गुराला शेक देताना कोणी वहीत लिहितं का? काही जण सकाळी परत गळायचे, तर मी पहिल्या गाडीने जाऊन परत शेक द्यायचो. दोन दिवस काढले की ते पुढे तगायचे.

नोंदवहीत लिहिलं गेलं, मोठ्या मात्रेच्या गटात अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस जिवंत. मॅडमनी पेढे वाटले. सगळ्यांत पहिला मला दिला.

पुढे दुसऱ्या प्राण्यांवरचं काम बाहेर झालं, पण तिथली मात्रा आमच्या आकड्यावरून ठरली. माणसाची त्यावरून. नोंदवहीतल्या एका ओळीवर हे सगळं उभं आहे, आणि ती ओळ माझ्या डब्यातल्या पेजेने लिहिली आहे.

गेल्या डिसेंबरात त्याच औषधाचा नवा घाणा तपासायला आठ उंदरांना तीच मात्रा दिली. मी शहापूरला खाटेवर होतो. पाच वाजता सगळे घरी गेले. पुढचं तुला पहिल्या पत्रात लिहिलं आहे. साहेबांनी ती नोंद खोडली. अपघात, थंडी, हिरी.

हिरीला काढलं तेव्हा मी झाडाजवळ उभा होतो. एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर स्वतःबद्दल बोलावं लागलं असतं.

आता राहिलेलं. ऑक्टोबरात संस्थेच्या फोनवर मला एक फोन आला होता. अनिकेतचा. तुला न सांगता केलेला. म्हणाला, "बाबा, मी अनिकेत. ठेवू नका. ते औषध तुमच्या तिथलंच आहे म्हणतात. कागदावर इंग्रजीत बारा पानं आहेत. मला तुमचं ऐकायचंय. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ना?"

त्याने मला बाबा म्हटलं. मी विहारापाशी जे बोललो त्यानंतरही म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की मी पुढचा विचारच केला नाही. म्हणालो, "अठ्ठेचाळीसमधले सेहेचाळीस जगले, बघ. मी स्वतः सांभाळलेत."

तो हसला. म्हणाला, "मग मला पण सांभाळाल."

त्या आठवड्यात त्याने सही केली. आता ठरव, कुणाच्या शब्दावर केली.

बाबा


रविवार, १३ फेब्रुवारी २००५

पल्लवी,

तुझं उत्तर नाही. आईला फोनवर म्हणालीस, "त्यांना सांग, खरं असेल तर तिथे जाऊन बोला, मला काय लिहिता." म्हणून गेलो.

जाताना वंदनेची पुस्तिका नेली. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानाची गोष्ट तुलाही माहीत नाही. ९९ साली मी रोज संध्याकाळी घरी येऊन वंदना म्हटली की त्या पानावर पेन्सिलीने ठिपके टाकायचो. त्या दिवशी मोठ्या मात्रेतले जेवढे जीव मागे आणले तेवढे ठिपके, एका जिवाला एकदाच, बाजूला तारीख. पुण्य मोजू नये हे मला कळतं. तरी मोजलं. त्या खोलीत रोज जायला मला काहीतरी हातात लागत होतं.

एकूण तेहतीस आहेत. सहा वर्षं ते पान उघडून मी समाधानाने झोपलो आहे.

मॅडमनी सगळं ऐकलं. जुनी नोंदवही काढली, माझी पुस्तिका शेजारी ठेवली आणि नखाने एकेक तारीख जुळवत गेल्या. चौदा जुलै, पाच ठिपके. नोंदवहीत त्या दिवशी मेले शून्य. सगळं जुळलं. मग त्यांनी तेहतीसमध्ये वहीतले मेलेले दोन मिळवले आणि ते अठ्ठेचाळीसांतून वजा केले, म्हणजे माझ्या पेजेशिवाय किती जगले असते ते. तेरा. तो आकडा त्यांनी कागदावर लिहिला आणि त्याभोवती गोल केला.

"जयराम," त्या म्हणाल्या, "मला एकदा तरी सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. मला वाटलं, जगलेत म्हणून तुम्हाला आनंदच आहे."

त्या म्हणाल्या, "ही पुस्तिका माझ्याकडे राहू दे." मी नाही म्हणालो. त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणालो. मुरबाडच्या नाक्यावर जाऊन त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि एक त्यांना नेऊन दिली.

साहेबांना हसू आलं. "पेज? तांदळाची पेज? हे मी वरच्या समितीला सांगू?" मग हसू गेलं. "माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. आणि माणसाला जी मात्रा आहे ती पुष्कळ कमी आहे. तुमच्या भक्तीपायी आठ वर्षांचं काम बुडवायचं का?" मी लेखी अर्ज पुढे केला. त्यात हिरीचा दोष नाही हेही लिहिलं होतं. त्यांनी तो हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगितला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

मॅडम फाटकापर्यंत आल्या. हळू म्हणाल्या, "मी लिहिते आहे वर. पण कागदाला वेळ लागतो." तारखा तर ठरलेल्या आहेत. पहिल्या माणसाला शुक्रवारी, अनिकेतला सोमवारी. हॉस्पिटलच्या समितीलाही मी झेरॉक्ससह रजिस्टर पत्र टाकलं आहे.

परतताना हिरीच्या घरी गेलो. तिने बसायला पाट दिला नाही. "आता सांगता, भाऊ? माजी रोजी गेली तेव्हा तोंड शिवलं व्हतं काय?" मग म्हणाली, "नि उंदीर तुमी जगवायचात, ते मला ठाऊक व्हतं. पंचाला पिवळा डाग पडायचा तुमच्या. मी म्हटलं, देवमानूस हाय."

साहेबांचं बोलणं खरंही असेल. माणसाला काही होणारही नाही. मला खात्री नाही, पल्लवी. खात्री होती तेव्हा मी फोनवर बोललो होतो.

बाबा


शनिवार, १९ फेब्रुवारी २००५

चि. पल्लवी आणि चि. अनिकेत,

दोघांना मिळून लिहायची ही पहिली वेळ. आज दुपारी फोनवर सगळं बोललो, तरी हे लेखी देतो. तोंडी शब्द मी एकदा दिला होता, त्याचं काय झालं ते आपण जाणतो. उद्या आई पहिल्या गाडीने आसनगावला जाईल आणि तिथून लोकलने हे घेऊन वॉर्डात पोचेल. मी तिच्याबरोबर आहे, पण वर येणार नाही. पुस्तिका घेऊन खाली ऑफिसात बसणार आहे, कोणी ऐकून घेईपर्यंत. पल्लवीने बोलावलं तर वर येईन.

फोनवर जे झालं ते जसंच्या तसं मांडतो, म्हणजे तुमच्यापैकी कोणाला विसर पडणार नाही.

वाण्याचं पोर बोलवायला आलं तेव्हा बारा वाजून गेले होते. अनिकेत, तू म्हणालास, "बाबा, पल्लवीने मला तुमची पत्रं वाचायला दिली. मी सोमवारी घेत नाही. सही मागे घेतो. पण शेजारच्या खाटेवर ज्ञानेश्वर आहे, टोकावड्याकडचा, दूध घालतो. त्याला काल दुपारी दिलं."

मी विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे म्हणतात. काल संध्याकाळी थंडी वाजत होती, तर सिस्टरने दोन ब्लँकेटं दिली, गरम चहा दिला. मग हुशारला. कागदावर 'ठीक' लिहिलंय."

मला माझा बल्ब आणि पेजेचा ड्रॉपर दिसला. वाणी विचारत होता, "जयरामदादा, पानी देऊ काय?"

मी म्हणालो, "अनिकेत, आत्ता जा. त्याच्या कानाला हात लावून बघ."

तू गेलास. फोन कुणाच्या तरी हातात होता, श्वास ऐकू येत होता. मी ओळखला तो. पल्लवी, तुझ्या लहानपणी मी तो रात्रंदिवस ऐकला आहे. मग तू म्हणालीस, "बाबा, दर किती वेळाने बघायचं?"

अडीच वर्षांनी पहिलं वाक्य. मी म्हणालो, "तासातासाने."

तेवढ्यात अनिकेत आला. "गार आहेत, बाबा. पाठ वाकवून बसलाय. चहा नको म्हणतो."

मी डॉक्टरांना लगेच बोलवायला सांगितलं, आणि तुम्ही बोलवायला गेलात. पुढे काय झालं मला माहीत नाही. चार वाजता मी फोन लावला तर उचलला गेला नाही.

म्हणून आता हे नीट वाचा. त्याला ऊब द्या. पेज जात असेल तर पेज द्या, गूळ आणि मीठ घालून, थोडी थोडी. जीव आहे, त्याला ऊब द्यायचीच. पण ब्लँकेट घालायच्या आधी वेळ लिहा. कान कसे, श्वास कसा, पाणी किती प्यायला, ते लिहा. ऊब दिल्यावर तो हसला तर तेही लिहा, की ऊब दिली म्हणून हसला. सिस्टर 'ठीक' लिहू लागली तर तिचा हात धरू नका, पण तुमचा कागद तिच्या कागदाला टाचून द्या आणि डॉक्टरांची सही मागा. लाजू नका. मी लाजलो होतो.

अनिकेत, तू सही मागे घेतलीस, आता घरी जाता येईल. तरी त्या माणसाजवळ थांब. त्याने सही केली तेव्हा त्याला विचारायला कोणी सासरा नव्हता. तू मात्र विचारलंस, तर सासरा खोटं बोलला, त्याला खोटं आहे हे ठाऊक नसताना. तुझा गुडघा उभं राहून दुखत असेल. खुर्ची मागून घे.

आत्ता संध्याकाळची वंदना झाली. आई गाठोडं बांधते आहे. सवयीने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं, पेन्सिल हातात घेतली. तेहतीस ठिपक्यांच्या खाली जागा आहे. ठिपका टाकला नाही. तिथे लिहिलं :

ज्ञानेश्वर, टोकावडे. शनिवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. कान गार.

बाबा